राहुकाळात शह नाही

किट्टूमामांना मी पहिल्याच डावात मात दिली, तेव्हा त्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला, आत जाऊन मला एक केळं आणून दिलं, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "पण हा राहुकाळ आहे."

"मग?"

"राहुकाळात शह नाही. शह नाही तर मात कुठली? वजीर मागं घे."

रविवार होता. पाच वाजत आले होते, आणि रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. चेन्नईत राहुकाळाचा काय मान आहे हे मला एव्हाना ठाऊक झालं होतं. आमच्या ऑफिसातली चांगली शिकली-सवरलेली माणसं त्या दीड तासात नवी गाडी शोरूमबाहेर काढत नाहीत, घराच्या करारावर सही करत नाहीत. त्याला माझी ना नाही. पण बुद्धिबळात? मी सांगलीची आहे हो! आमच्याकडं पोरं पाढ्यांच्या आधी घोड्याची चाल शिकतात. शाळेत असताना मी जिल्ह्यापर्यंत खेळलेय. हरले असते तर गप्प हरले असते, पण जिंकलेला डाव एका केळ्यावर सोडून देणारी मी नव्हे.

"हा कुठला नियम?" मी विचारलं.

"तंजावरचा."

"कुणी केला?"

"नियम कुणी करतं काय? नियम असतो, पा." एवढं बोलून त्यांनी माझा वजीर स्वतःच्या हातानं मागं ठेवला, आणि सहा वाजून गेल्याबरोबर मला हरवलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली म्हणा ना.

मी अण्णा नगरात एका तीन मजली इमारतीत भाड्यानं राहते आणि किट्टूमामा माझ्या खालच्या घरात. खरं नाव कृष्णराव. घराणं तंजावरचं, मराठी. पण इतक्या पिढ्या तमिळ मुलखात काढल्यावर कृष्णाचा किट्टू होणारच. बँकेतून निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात. आपण वाण्याकडून हिंग आणायचं राहिलं म्हणतो, त्याच सुरात.

ओळख झाली ती जिन्यात. मी फोनवर आईशी तावातावानं बोलत वर चालले होते आणि खालचं दार उघडून एक उंच, काटकुळे गृहस्थ पांढरी लुंगीसारखी वेष्टी सावरत बाहेर आले. "मराठी की!" म्हणाले. मला वाटलं आता गळ्यातच पडतील. तर पुढचं वाक्य, "पण फार घाईची आहे तुझी मराठी. आणि थोडी बिघडलेली." आता बोला! स्वतः 'मला'ला 'मज' म्हणणार, रविवारला 'आइतवार' म्हणणार, 'झालं'ला 'जाहलं' म्हणणार, मध्येच तमिळ 'पा', 'अय्यो' आणि 'सेरी' पेरणार, आणि बिघडलेली कुणाची, तर माझी. माझं नाव त्यांनी एकदाच विचारलं आणि लगेच सोडून दिलं. तेव्हापासून मी 'सांगली'. "काय सांगली, कॉफी?" "सांगली, छत्री घेतलीस की?"

माझा धंदा सॉफ्टवेअर तपासण्याचा. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या नाकासमोर धरायच्या, याचा मला पगार मिळतो. सवय अशी लागलीय की हॉटेलच्या मेनूकार्डावरची चूकसुद्धा वेटरला दाखवल्याशिवाय मला इडली जात नाही. अशा बाईसमोर किट्टूमामांचा तो पट येऊन पडला.

पट म्हणजे कापडाचा. मोहरी लाकडी, एका बाजूची तांबडी, दुसरीची हिरवी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. दर दोन डावांनी एक नवा नियम निघायचा. एकदा त्यांनी काळ्या घरातला उंट उचलला आणि सरळ शेजारच्या पांढऱ्या घरात ठेवला. मी ओरडलेच.

"उंटास तहान लागते," किट्टूमामा शांतपणे म्हणाले. "विहीर दुसऱ्या रंगात असते. डावात एकदाच जाता येतं. रोज रोज नाही."

हत्तीचं त्याहून भारी. हत्ती म्हणे देवळातला, त्याला प्रदक्षिणेची सवय. स्वतःचं प्यादं वाटेत आलं तर तो त्याला वळसा घालून पलीकडं जातो.

"आणि वळसा घालताना मध्ये माझा राजा आला तर?" माझ्यातली तपासनीस जागी झाली.

"तर हत्ती नमस्कार करून थांबतो."

"मामा, हे तुम्ही आत्ता ठरवलंत!"

"अय्यो! मी कोण ठरवणारा?"

पण कळस केला तो मेलेल्या घोड्यानं. मी मारून बाजूला ठेवलेला हिरवा घोडा त्यांनी उचलला आणि पुन्हा पटावर मांडला. का, तर तो माहेरी गेला होता, आता आला. "घोड्याला कसलं माहेर?" मी म्हटलं. "तुमच्याकडं नसेल," ते म्हणाले.

चिडून मी इंटरनेट पालथं घातलं. गंमत बघा, त्यांच्या नियमांतले दोन चक्क खरे निघाले. राजाला शह मिळाला नसेल तर आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, आणि प्यादं शेवटच्या रांगेत ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच मोहरं बनतं. आपल्याकडच्या जुन्या खेळात असं खेळायचे. मग तर माझं कुतूहल आणखी पेटलं. दोन खरे आहेत तर बाकीचेही कुठूनतरी आले असणार. तहानलेला उंट आला कुठून? प्रदक्षिणेचा हत्ती कुणाच्या डोक्यातून निघाला? मी सगळे नियम नीट लिहून काढायचं ठरवलं, तर किट्टूमामांनी हात जोडले. "लिहू नको, पा. लिहिलं की मग वाढत नाहीत."

"नियम वाढायला ती काय कढीपत्त्याची झाडं आहेत?"

यावर ते नुसते हसले. हसले की त्यांचे खांदे हलतात, आवाज निघत नाही.

दर रविवारी तीनच्या सुमारास ते कपाळाला गंध लावून, पट पिशवीत घालून बाहेर पडायचे. चेन्नईतच, वेस्ट माम्बलमला त्यांची थोरली बहीण राहते, रुक्कूअक्का. तिच्याशी डाव. माझ्याशी जो पहिला डाव झाला तो अक्का लेकासुनेबरोबर एका लग्नाला गेल्या होत्या म्हणून, नाहीतर रविवारी किट्टूमामा दुसऱ्या कुणाच्या बापाचे नाहीत. पाऊस असो, बसेस बंद असोत, अंगात ताप असो. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच त्यांना वाढवलं, आणि बुद्धिबळही तिनंच शिकवलं. "अक्का फार कडक," ते म्हणायचे. "एक नियम चुकला की डाव मोडते."

मी मनात एक चित्र रंगवलं होतं. नऊवारी, मोठं कुंकू, हातात छडी, तंजावरच्या दरबारी खेळाची शेवटची जाणकार बाई. तिला एकदा भेटून सगळ्या नियमांचा सोक्षमोक्ष लावायचा, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

आणि ती संधी आपल्या पायांनी चालत आली. किट्टूमामांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू फार पिकला होता आणि डॉक्टरांनी बजावलं, काही आठवडे मान खाली घालायची नाही, वाकायचं नाही, धुळीत हिंडायचं नाही. म्हणजे रविवार बंद. ऑपरेशनची भीती त्यांना काडीची नव्हती. रविवारची होती.

"मजकडून एक आइतवार चुकला, तर अक्का खेळच सोडील," ते म्हणाले. "मग पुन्हा पटास बसायची नाही. मज ठाऊक आहे. सांगली, तू जाशील?"

असे कधी काही मागणारे नव्हेत ते. मी लगेच हो म्हटलं.

"पण सगळे नियम आले पाहिजेत."

मग सुरू झाली माझी शिकवणी. मी ऑफिसला निघाले की जिन्यातून प्रश्न यायचा, "सांगली! उंट किती वेळा पाणी पितो?" मी मेट्रोत असताना फोन यायचा, "हत्ती दोन प्याद्यांना एकदम वळसा घालील काय?" शेजारी उभ्या माणसांना काय वाटत असेल, देव जाणे. मी मराठीत ठणकावून सांगायचे, "नाही! एका वेळी एकच प्यादं!" आणि तिकडून समाधानाचा सुस्कारा ऐकू यायचा.

मेलेल्या मोहऱ्याच्या बाबतीत मात्र मी अडून बसले. "ते परत केव्हा येतं, ते नक्की सांगा. कितव्या चालीनंतर?"

"तसं नाही. ठेवणाऱ्यानं मनापासून ठेवलं तर येतं."

"मनापासून ठेवलं हे मी कसं ओळखायचं?"

"हात थांबत नाही," ते म्हणाले. मग पटावरची सुरकुती तळव्यानं सपाट केली. "आणि शेवटचा नियम. सर्वांत अवघड. समोरच्यानं काहीही खेळलं, तरी हसायचं नाही. अडखळायचं नाही. 'असं कसं?' म्हणायचं नाही. हे तुज जमणार नाही, सांगली."

खरं सांगते, मला राग आला. जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या मुलीला काय जमणार नाही?

गुरुवारी ऑपरेशन झालं, आणि रविवारी पटाची पिशवी घेऊन मी माम्बलमला गेले. दार अक्कांच्या सुनेनं उघडलं. सुधा तिचं नाव, माझ्याहून थोडी मोठी असेल. मला आत न घेता तीच बाहेर आली आणि दार मागं ओढून घेतलं.

"मामांनी तुम्हाला सांगितलं आहे ना, सगळं?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"हो तर. सगळे नियम पाठ आहेत."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "नियम?" म्हणाली. मग तिनं तिथंच, चपलांच्या रॅकशेजारी उभं राहून सांगितलं. अक्कांना हल्ली विसरायला होतं. कधी नातवाचं नाव, कधी दिवस, कधी जेवलो की नाही ते. पटावर हत्ती वाकडा जायचा, उंट रंग बदलायचा, मारलेली मोहरी परत यायची. एकदा सुधाचा नवरा खेळायला बसला आणि तीनदा "अम्मा, तप्पु" म्हणाला. आई, चूक. तिसऱ्यांदा अक्कांनी पट गुंडाळला आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत, जेवल्यासुद्धा नीट नाहीत.

"मग मामा आले. पट पुन्हा पसरला. अत्तेंनी, म्हणजे सासूबाईंनी, हत्ती वाकडा नेला, तशी मामांनी मांडीवर थाप मारली. 'वा अक्का! तंजावरचा जुना नियम! मी विसरलोच होतो!' आणि पुढच्या चालीला स्वतःचा हत्तीही तसाच नेला. तेव्हापासून दर रविवारी असंच. अत्ते काय चुकतात ते मामा घरी जाऊन घोकतात. पुढच्या वेळी आपणही तसंच खेळायचं, म्हणजे तो नियम वाटेल." तिनं डोळे पुसले. "संध्याकाळी त्या जास्त घाबरतात. साडेचारच्या पुढं कुणी शह दिला तर रडू येतं त्यांना. म्हणून तो राहुकाळ."

इतके दिवस मी त्या माणसाला खोटारडा म्हणत होते, मनात आणि दोनदा तर तोंडावर. फार वाईट वाटलं मला.

अक्का आत पलंगावर बसल्या होत्या. नऊवारी नाही, छडी नाही. फिक्या निळ्या साडीतली, किट्टूमामांसारखीच उंच, हाडकुळी बाई. "किट्टूनं धाडलं की तुज? बस," म्हणाल्या. "तांबडी तुझी."

डाव सुरू झाला. मी नियमानं खेळले. त्यांचा हत्ती वळसा घालून गेला, मी माझाही नेला. त्यांनी मेलेला घोडा परत ठेवला आणि खरंच, हात जराही थांबला नाही. साडेचार वाजून गेले तसं मी शहाची दोन घरं दिसत असून सोडून दिली. मनात म्हटलं, जमतंय की. आणि तेवढ्यात अक्कांनी वाकून माझा वजीर उचलला. माझा, तांबडा. आणि त्यानं माझाच उंट मारला.

हा नियम कुणी शिकवला नव्हता. माझा हात आपोआप वर गेला, तोंड उघडलं. अक्कांचं बोट अजून वजिरावर होतं. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली. शाळेत उत्तर चुकल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर येते, तशी. स्वयंपाकघराच्या दारात सुधा हातातलं भांडं तसंच धरून उभी.

"अरे देवा," मी म्हटलं. "वजीर फितूर झाला माझा!"

अक्कांनी बोट वजिरावरून काढलं. मग अक्का हसल्या. खांदे हलले, आवाज नाही. "वजिरावर भरवसा ठेवू नये, पोरी," म्हणाल्या. मीही हसले, आणि उंट उचलून बाजूला ठेवला. पुढच्या चालीला मी त्यांचा हिरवा वजीर उचलून त्यांचंच प्यादं मारलं, नियम आहे म्हटल्यावर दोघींना सारखाच हवा. शेवटी कोण जिंकलं ते आम्हा दोघींनाही सांगता आलं नसतं.

सुधानं कॉफी आणली. अक्कांनी टंबलर दोन्ही हातांत धरून एक घोट घेतला आणि सुधा आत गेल्याची खात्री करून माझ्याकडं झुकल्या.

"तू बरी खेळतेस," म्हणाल्या. "किट्टूस खेळ येत नाही."

"नाही?"

"लहानपणी यायचा. मीच शिकवलेला. आता फार चुकतो. हत्ती वाकडा नेतो. मेलेलं मोहरं परत ठेवतो. काय काय नियम सांगतो, मज ऐकूनही ठाऊक नाहीत." त्यांनी मान हलवली. "मी काही म्हणत नाही. तोही तसाच खेळतो, मीही तशीच खेळते. चूक म्हटलं तर यायचा बंद होईल. घरी कोण आहे त्याचं? आठवडाभर कुणाशी बोलत असेल तो?"

मी कॉफी पीत राहिले.

"तूही म्हणू नको हं त्यास. पुढल्या आइतवारी त्यासच धाड."

घरी पोचले तेव्हा किट्टूमामा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. डोळ्यांवर तो ऑपरेशननंतरचा मोठा काळा चष्मा, मान खांबासारखी ताठ.

"डाव जाहला?"

"झाला."

"मोडला नाही?"

"नाही मामा. छान झाला." मी त्यांना फितूर वजिराची गोष्ट सांगितली. त्यांनी ती दोनदा ऐकली, घोकली, कुठल्या घरातून कुठल्या घरात ते विचारून घेतलं. मी कशी अडखळले आणि कशी सावरले तेही सांगितलं. त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. अंदाजानं ठेवला, त्यामुळं तो अर्धा कानावर आला.

"आणि मजविषयी काही बोलली?"

अक्कांनी सांगितलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. ते मी गिळलं.

"पुढच्या रविवारी तुम्हालाच या म्हणाल्या. माझ्यावर भागणार नाही म्हणे."

किट्टूमामांच्या काळ्या चष्म्याखालून एक थेंब गालावर आला, तो डोळ्यात घातलेल्या औषधाचा असेल असं मानून मी रस्त्याकडं बघत राहिले.

"डॉक्टर म्हणाले, मान खाली घालायची नाही," ते म्हणाले.

"हो."

"पण पट उंचावर ठेवला, नाकासमोर, तर मान खाली घालावी लागणार नाही. न्हवे?"

आणि खुर्चीत तसंच ताठ बसून, मान जराही न वाकवता, त्यांनी समोरच्या हवेत हात नेला आणि एक प्यादं पुढं सरकवून पाहिलं.